न छापलेला विक्रम

खेळावरचा सिनेमा म्हटला की शेवटी काय होणार ते तिकीट काढतानाच ठाऊक असतं. हरत आलेली टीम, शेवटचा चेंडू, नायकाच्या कपाळावर घाम, प्रेक्षकांत पदर तोंडाशी धरून बसलेली आई, आणि मग एकदाचा तो फटका! आज ज्या सिनेमाबद्दल तुमच्याशी बोलायचंय त्यात यातलं काहीच नाही. शेवटची मॅच नाही, कप नाही, हारतुरे नाहीत. नायक एक विक्रम करतो आणि तो कुणाला कळतसुद्धा नाही. तरीही हा सिनेमा दोन-दोन दिवस डोक्यातून जात नाही, आणि विनोदी असूनसुद्धा मध्येच घशाशी काहीतरी आणतो.

त्याचं नाव ‘बुल डरहॅम’. अमेरिकेत तो १९८८ च्या जूनमध्ये लागला. खेळ आहे बेसबॉल. थांबा, थांबा, पान उलटून लगेच पाककृतीकडे वळू नका! मला तरी बेसबॉलमधलं कुठे ओ की ठो कळत होतं? दोन गोष्टी सांगते, तेवढ्यावर भागतं. आपल्याकडे बोलर तसा तिकडे पिचर, आणि विकेटकीपर तसा कॅचर. हा कॅचर बॅटवाल्याच्या पाठीमागे उकिडवा बसतो आणि कोणता चेंडू टाकायचा ते बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो. म्हणजे नाव पिचरचं, डोकं पुष्कळदा कॅचरचं. (आता हे वाचून तुम्हाला तुमचंच घर आठवलं तर त्याला मी काय करू?)

दुसरी गोष्ट अशी, की मोठ्या शहरांतले मोठे क्लब लहान गावांतल्या टीमांमध्ये आपली पोरं ठेवतात. तिथे त्यांना घडवायचं आणि चांगली निघाली की वर उचलायचं. वर जायच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: ए, डबल ए, ट्रिपल ए. त्यांच्या वरच्या झगमगत्या जगाला खेळाडू नुसतं ‘द शो’ म्हणतात. खालच्या पायऱ्यांवर पगार बेताचा, प्रवास बसचा आणि उतरायचं स्वस्तातल्या हॉटेलात. सगळे वर पोचत नाहीत. खरं सांगायचं तर बहुतेक पोचतच नाहीत.

डरहॅम हे नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं गाव, एके काळी तंबाखूसाठी नावाजलेलं. आपल्या लोकांना निपाणी जशी ठाऊक, तसं तिकडच्यांना डरहॅम. ‘बुल डरहॅम’ हे तिथल्या तंबाखूचंच नाव, आणि गावच्या टीमचं नावही ‘डरहॅम बुल्स’. टीम खरी, मैदान खरं. शूटिंग १९८७ च्या शरद ऋतूत त्या जुन्या मैदानातच झालं.

आता गोष्ट. क्रॅश डेव्हिस हा कॅचर. बारा वर्षं लहान टीमांतून फिरतोय. चांगला खेळतो, खेळ मुळापासून जाणतो, पुस्तकं वाचतो. ‘द शो’मध्ये तो जाऊन आलाय, पण किती दिवस? एकवीस! आता ट्रिपल ए मधून उचलून त्याला खाली डरहॅमला पाठवतात. कशासाठी? तर ‘न्यूक’ नावाच्या पोरसवदा पिचरला वळण लावायला. या न्यूकच्या हातात वीज आहे, पण वरचा मजला रिकामा. पहिल्याच मॅचला गडी अठरा जणांना बाद करतो आणि अठरा जणांना फुकट सोडतो. शिवाय त्याचे चेंडू वार्ताहराला लागतात, लाउडस्पीकरवर बोलणाऱ्याला लागतात, आणि बैलाचं सोंग घेऊन नाचणाऱ्या माणसाला तर दोनदा लागतात.

क्रॅशला कळून चुकतं, की हा गाढव पोरगा वर जाणार आणि आपण त्याला पोचवून मागे राहणार. अपमान गिळून तो कामाला लागतो. पोरगं खूण झिडकारून मनासारखा चेंडू टाकायला निघालं, की क्रॅश सरळ समोरच्या बॅटवाल्याच्या कानात सांगून टाकतो, आता कोणता चेंडू येणार ते! बॅटवाला चेंडू मैदानाबाहेर भिरकावतो. पोरगं शिकतं. वार्ताहरांपुढे काय गुळमुळीत बोलायचं असतं, तेही क्रॅश त्याच्याकडून घोकून घेतो.

आणि तिसरी ॲनी. ही कॉलेजात थोडे तास इंग्रजी शिकवते आणि बेसबॉल हाच तिचा धर्म. सुरुवातीलाच ती सांगते, की बुद्ध, अल्ला, ब्रह्मा, विष्णू, शिव, सगळ्यांना भजून झालं, मन लागलं ते या खेळात. वर पुरावा काय, तर जपमाळेत १०८ मणी आणि बेसबॉलच्या चेंडूवर १०८ टाके. ती ख्रिस्ती माळेबद्दल बोलते. पण ख्रिस्ती लोकांच्या नेहमीच्या माळेत मणी ५९ असतात, १०८ आपल्या माळेत! ते वाक्य ऐकून मला तर ॲनी आमच्या शेजारच्या वाड्यातलीच वाटायला लागली. टाक्यांचं मात्र अगदी खरं. चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात आणि ते अजून हातानेच घालतात. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना त्यातली मेहनत सांगायला नको.

ॲनीचा दुसरा नियम ऐकून तुमच्यापैकी काही जणी नाक मुरडतील. दर मोसमात ती टीममधला एक मुलगा निवडते, त्याच्याबरोबर राहते आणि त्याला घडवते. या खेपेला न्यूक. त्याला पलंगाला बांधून रात्रभर वॉल्ट व्हिटमनच्या कविता वाचून दाखवते! टीम जिंकायला लागते, तशी जिंकण्याची साखळी तुटू नये म्हणून न्यूक ब्रह्मचर्याचं व्रत घेतो आणि ॲनीची पंचाईत होते. इश्श वाटण्यासारखे प्रसंग पुष्कळ आहेत, शिव्याही भरपूर. अमेरिकेतसुद्धा हा सिनेमा सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय बघता येत नाही. तेव्हा सासूबाई आणि मुलं झोपल्यावरच लावा, हे आधीच सांगून ठेवते.

हे काम सुसान सॅरंडनने केलंय. शूटिंगच्या वेळी ती एकेचाळीस वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयात नटीला नायकाची आई करतात. क्रॅश म्हणजे केव्हिन कॉस्टनर आणि न्यूक म्हणजे टिम रॉबिन्स. सिनेमात ॲनी शेवटी क्रॅशची होते, पण प्रत्यक्षात सुसानबाईंचं जमलं ते रॉबिन्सशी. वयाने तो त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. लग्न न करता दोघं २००९ पर्यंत एकत्र राहिली, दोन मुलं झाली. असो!

पहिल्यांदा मी हा सिनेमा पाहिला तो घरी केबल आली त्या सुमारास. हे आरामखुर्चीत ‘नुसता बघतो’ म्हणून बसले ते शेवटपर्यंत हलले नाहीत. माझं सगळं लक्ष तेव्हा ॲनीकडे होतं. तिचे ते कपडे, पुस्तकांनी भरलेलं घर, कुणाला न विचारता जगणं. परवा मुलाने टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि आम्ही दोघांनी तो पुन्हा बघितला. या वेळी माझी नजर क्रॅशवरून हलेना. हे गेल्या वर्षी रिटायर झाले, त्यामुळेही असेल.

बसमधला एक प्रसंग आहे. पोरं क्रॅशला विचारतात, वर कसं असतं हो? तो सांगतो, ते एकवीस दिवस आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. तिथे आपली बॅग आपल्याला उचलावी लागत नाही. सरावालासुद्धा पांढरेशुभ्र नवे चेंडू. हॉटेलात सगळं हातात आणून देतात. सगळी पोरं गप्प होऊन ऐकतात. बायांनो, तुम्हाला काय आठवलं सांगा बरं? मला तर आठवलं माहेरपण! एकवीस दिवसांचं माहेरपण आणि मग बारा वर्षांचा संसार.

दुसऱ्या एका प्रसंगात तो हिशेब मांडतो, आणि तो हिशेब मी रात्री कागदावर करून पाहिला. एका मोसमात खेळाडू साधारण पाचशे वेळा बॅट धरतो. सव्वाशे फटके जमले तर सरासरी .२५०, म्हणजे बेताची. दीडशे जमले तर .३००, आणि तसा खेळाडू थेट न्यूयॉर्कला. दोघांत फरक किती? पंचवीस फटक्यांचा. मोसम सहा महिन्यांचा, म्हणजे सुमारे पंचवीस आठवडे. आठवड्याला एक! एखादा चेंडू दगडाला लागून वळला, एखादा कुणाच्या हाताला न लागता मधेच टपकला, की झालं. वरचा माणूस आणि खालचा माणूस यांच्यात आठवड्याला एवढंच अंतर. हे ऐकताना यांनी चष्मा काढून पुसला. मी काही बोलले नाही.

आता थोडं आमच्याबद्दल. हे एका मोठ्या ऑफिसात चौतीस वर्षं होते. बाहेरून परीक्षा देऊन नवे मुलगे साहेब म्हणून येत, आणि पहिले सहा महिने त्यांना यांच्या टेबलाशेजारी बसवत. फाइल कशी वाचायची, कोणत्या कागदावर सही करायची नाही, ओरडणाऱ्या माणसाला चहा कधी विचारायचा, सगळं हे शिकवायचे. मुलगा तयार झाला की वरच्या जागी जायचा, पेढे आणून द्यायचा, ‘काकू, तुमच्या थालीपिठांची आठवण येईल’ म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवसापासून हे त्याला ‘सर’ म्हणायचे. यांचं स्वतःचं प्रमोशन दोनदा हुकलं. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात ‘प्रामाणिक कर्मचारी’ एवढंच आलं, शिकवण्याबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून सिनेमातला तो प्रसंग मला सोसवला नाही. न्यूकला वरून बोलावणं येतं. सगळीकडे आनंद. आणि त्यानंतर लगेच मॅनेजर क्रॅशला खोलीत बोलावून सांगतो, की तुझं काम संपलं, आता क्लबला तुझ्या जागी तरुण कॅचर हवाय. ज्या कामासाठी आणलं ते नीट केलं, म्हणूनच नोकरी गेली!

क्रॅश दुसऱ्या गावच्या टीमकडून उरलेला मोसम खेळतो. तिथे तो लहान टीमांतला आपला २४७ वा होमरन मारतो. होमरन म्हणजे मैदानाबाहेरचा फटका, आपली सिक्सर. सिनेमातल्या हिशेबाने तो विक्रम आहे. पण खाली बारा वर्षं राहिल्याचाच तो विक्रम, त्याचं कौतुक कसलं करायचं, म्हणून तो स्वतः कुणाला सांगत नाही. टाळ्या नाहीत, पेपरात ओळ नाही. तो आकडा मोजत असते फक्त ॲनी. लांब, आपल्या गावात, एकटी. (प्रत्यक्षातला आकडा याहून पुष्कळ मोठा आहे. माइक हेसमन नावाच्या खेळाडूने अमेरिकेतल्या लहान टीमांकडून ४३३ होमरन मारले आणि २०१५ मध्ये खेळ सोडला.)

हे सगळं इतकं खरं का वाटतं, त्याला कारण आहे. सिनेमा लिहिणारा आणि दिग्दर्शित करणारा रॉन शेल्टन स्वतः पाच वर्षं अशाच टीमांतून खेळला. ट्रिपल ए पर्यंत चढला, वर मात्र कधीच गेला नाही. हा त्याने दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि अमेरिकेत सिनेमाने सुमारे पाच कोटी डॉलर कमावले. नायकाचं नाव त्याला जुन्या नोंदींच्या पुस्तकात सापडलं. १९४८ साली डरहॅमकडून खेळताना क्रॅश डेव्हिस नावाच्या खऱ्याखुऱ्या खेळाडूने पन्नास ‘डबल’ मारले होते, तो त्या लीगचा विक्रम होता. चाळीस वर्षं ते नाव पुस्तकात पडून होतं. कुणीतरी पान उघडलं म्हणून ते जगाला कळलं.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत की! पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, पण बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले आणि एकही कसोटी न खेळता २०२५ मध्ये गेले. आणि अमोल मुझुमदार. सिनेमा आला त्याच १९८८ साली, फेब्रुवारीत, शाळेच्या मॅचमध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा नंबर असलेला हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला. मोठेपणी ११,१६७ धावा केल्या, भारताकडून बोलावणं आलं नाही. पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या दिवशी त्यांचा प्रशिक्षक कोण होता? तोच! त्या रात्री आमच्या घरात मुलींइतक्याच टाळ्या त्याच्यासाठी वाजल्या.

बिचाऱ्या क्रॅशच्या वाट्याला एवढंही येत नाही. शेवटी पाऊस पडतोय आणि तो ॲनीच्या व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर येऊन बसतो. म्हणतो, खेळणं संपवलं. कॅलिफोर्नियातल्या विसेलिया गावात मॅनेजरची जागा होणार आहे, मी मॅनेजर म्हणून वर पोचेन का गं? ॲनी लगेच आपले सिद्धांत सांगायला लागते. तो म्हणतो, आज नको, आज नुसतं बसायचंय. आणि इतकी बोलकी बाई, गप्प बसते. मग दोघं घरात नाचतात आणि सिनेमा संपतो. विसेलियाचं काय झालं, ते आपल्याला कुणी सांगत नाही.

सिनेमा संपल्यावर मी कपाटातून आहेराची वही काढली. आपल्या सगळ्यांकडे असते तशीच: कुणाच्या लग्नात काय दिलं, कुणाकडून काय आलं. यांनी शिकवलेल्या प्रत्येक मुलाच्या लग्नाला आम्ही गेलो होतो, म्हणजे नावं त्यात असणारच. मी एकेक वाचत गेले. स्टीलचा डबा, लेमन सेट, समई, चादर, पुन्हा लेमन सेट. यांना म्हटलं, ‘‘सतरा झाले हो! सतरा साहेब तयार केलेत तुम्ही.’’ हे खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, ‘‘अठरा. तो नागपूरचा राहिला. त्याने लग्नच केलं नाही, तुझ्या वहीत कुठून येणार?’’

म्हणजे चौतीस वर्षं हेसुद्धा मोजत होते, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता! अठरावं नाव मी शेवटच्या पानावर लिहून टाकलं. आहेराच्या रकान्यात ‘थालीपीठ’ असं लिहिलं. यांना हसू आलं.

आहेरावरून आठवलं. या सिनेमातला सगळ्यांत गमतीचा प्रसंग आहेराचाच आहे. भर मॅचमध्ये सगळे खेळाडू मैदानाच्या मध्यावर गोळा होतात. पिचरचे वडील बघायला आल्यामुळे त्याचे हातपाय गळालेत, कुणाच्या ग्लव्हवर मैत्रिणीने करणी केलीय, आणि सगळ्यांत मोठा पेच म्हणजे टीममधल्या जिमीच्या लग्नात द्यायचं काय? कोच तावातावाने धावत येतो, ऐकून घेतो आणि गंभीरपणे सल्ला देतो, की मेणबत्त्यांचे स्टँड कधीही चांगले दिसतात. त्याच्याआधी बघा आपल्या ॲनीसारख्या बायका हा प्रश्न कितीदा सोडवत आल्या आहेत!

२०२१ मध्ये मोठ्या क्लबांनी अशा लहान टीमा १६० वरून १२० वर आणल्या. कितीतरी गावांची टीम गेली. डरहॅमची वाचली, एवढंच नाही तर ती आता ट्रिपल ए मध्ये खेळते. गेलेल्या टीमांतल्या क्रॅश डेव्हिसांचे आकडे कुणी मोजून ठेवले असतील का, असं आपलं मनात येतं.

तेव्हा एवढं करा. आज रात्रीची भांडी आवरली की एक कागद घ्या. घरातल्या माणसाने कुणाकुणाला हात दिला, कुणाला शिकवून पुढे पाठवलं, ते लिहा. आणि नवऱ्याचंच कशाला, तुमचंही लिहा: कुणाला पोळ्या शिकवल्या, कुणाचं बाळंतपण काढलं, कुणाची मुलगी परीक्षेसाठी ठेवून घेतली. मग यादी मोठ्याने वाचा. एखादं नाव राहिलंच, तर घरातलं कुणीतरी नक्की सांगेल.